गोधडीवरचं रक्त

सुई हातात धरली की बोटाला टोचणारच. अंगुस्ताण घातलं तरी टोचते, कारण ते असतं उजव्या हाताच्या मधल्या बोटावर आणि सुई घुसते ती डाव्या हाताच्या बोटात, जे गोधडीच्या खाली धरलेलं असतं. चार थर कापड, त्यात मध्येच कुठेतरी साडीचा जाड काठ आला की सुई अडते. आपण जोर लावतो, ती एकदम आरपार जाते. बोट झटकायच्या आत थेंब कापडाला लागलेला असतो. आणि तो लागतो नेमका सगळ्यात फिकट तुकड्यावर. गडद जांभळ्या लुगड्यावर रक्त सांडल्याचं मला तरी आठवत नाही.

वेंगुर्ल्याच्या अलीकडे आमचं घर आहे. पडवीत बसून मी गोधड्या आणि बाळाची दुपटी शिवते. लोक आई-आजीच्या साड्या आणून देतात, त्यातूनच काम चालतं. फोन मात्र शिवणापेक्षा डागांचेच जास्त येतात, आणि त्यातही रक्ताचे. तेलाचा डाग, चहाचा डाग लोक मोकळेपणी सांगतात. रक्ताचं आडून आडून विचारतात. ‘ताई, जरा डाग पडलाय’ म्हणतात आणि गप्प होतात. मग मीच विचारते, रक्ताचा का? कधीचा? गरम पाणी लावलंत का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं की मी खुर्चीत नीट टेकून बसते, कारण फोन लांबणार.

मोबाइलवर रक्ताचे डाग काढायचे शेकडो उपाय सापडतात. त्यातले बरेचसे खोटे नसतात, पण ते असतात एकेरी कापडाचे. रुमाल, चादर, शर्ट. गोधडी म्हणजे चार-पाच कापडं, तीही वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या रंगाची, आणि त्यांना आरपार शिवणारे हजारो टाके. वर दिसणारा डाग हा आतल्या डागाचा फक्त वरचा भाग असतो. दोरा सुती असेल तर रक्त त्या दोऱ्याच्या वाटेनंच खाली उतरतं. शर्टाला चालणारी बादली गोधडीला चालत नाही. मला सांगायचं आहे ते एवढ्याबद्दलच.

आधी सुईच्या थेंबाचं. त्यावर शिवणाऱ्या बायकांचा जुना उपाय आहे, तो जगात सगळीकडे सारखाच असावा: थुंकी. पांढऱ्या सुती दोऱ्याचा वीतभर तुकडा तोंडात धरून ओला करायचा, त्याची बारीक गोळी करायची आणि थेंबावर टिपायची. घासायचं नाही, नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. गोळी गुलाबी झाली की दुसरी घ्यायची. आपलं रक्त असेल तर आपलीच थुंकी, असंही सांगतात. मला त्यात तथ्य वाटत नाही. लाळेतलं मुख्य विकर, म्हणजे एन्झाइम, पिठूळ पदार्थ फोडणारं असतं आणि रक्त म्हणजे प्रथिन, त्यामुळे लाळेची जादू फार नसावी. खरा फायदा असा की थुंकी तोंडातच असते. पाणी आणायला उठावं लागत नाही, थेंब वाळायला वेळ मिळत नाही, आणि इतकं कमी ओलं होतं की आतल्या थरापर्यंत ओल जातच नाही. हा उपाय फक्त थेंबासाठी. त्याहून मोठं काही असेल तर उठा.

आता गरम पाण्याचं. रक्तात प्रथिनं असतात, आणि उष्णता लागली की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी घट्ट होतात. एकदा ती धाग्यात घट्ट बसली की पाण्यात विरघळत नाहीत. आमच्या सासूबाईंना यातलं विज्ञान कुणी शिकवलं नव्हतं, पण मी लग्न होऊन आले तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, “गरम पाणी घातलंस तर डाग जन्माचो रवतलो.” हे सगळ्यांना ठाऊक असतं. गडबड होते ती ‘थंड’ कशाला म्हणायचं यात. कोकणात उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. नळ थंडच सोडला होता असं लोक शपथेवर सांगतात, आणि तो थंड नसतोच. पाणी विहिरीचं ताजं काढा, नाहीतर माठातलं घ्या. फ्रिजमधलंही चालेल.

मोठा डाग कसा काढायचा ते एका गोधडीवरूनच सांगते. ऐन मे महिन्यात मुंबईहून पाहुणे आले होते. त्यांच्या मुलाचा रात्री घोळणा फुटला. उन्हाळ्यात इथे मुलांना हे होतंच, दिवसभर उन्हात हुंदडून. सकाळी गोधडीवर तळहाताएवढा डाग, मधे गडद आणि कडेला तपकिरी. गोधडी होती जुन्या मऊ लुगड्यांची, वरचा थर मोतिया रंगाचा. आई बिचारी बादली भरून तयार होती. मी आधी ती बादली बाजूला ठेवायला लावली.

भिजलेली जाड गोधडी एकटीला उचलत नाही. एका टोकाला धरून उचलली की सगळं पाणी खालच्या टोकाला जातं, वजन टाक्यांवर येतं आणि जुना दोरा तटातट तुटतो. शिवाय डागातलं रक्त पाण्याबरोबर सगळीकडे पसरतं, मग तळहाताएवढ्या डागाची परातीएवढी फिकट पिवळी कड होते. म्हणून आधी डागाच्या खाली जुना पांढरा पंचा घडी करून ठेवला. वरून चमच्या-चमच्यानं थंड पाणी घातलं, कडेकडून मधे. दुसऱ्या पांढऱ्या फडक्यानं दाबून टिपलं. खालचा पंचा गुलाबी झाला की तो सरकवून कोरडा भाग खाली घ्यायचा. पंचा पांढराच हवा, नाहीतर किती निघालं ते कळत नाही. हे काम कंटाळवाणं आहे. मुलाच्या आईच्या तेवढ्यात मला ऑफिसातल्या सगळ्या भानगडी सांगून झाल्या.

पाण्यानं निघायचं तेवढं निघून गेलं की मीठ. बारीक मीठ आणि थंड पाणी यांचा पातळसा लेप ताज्या डागावर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा आणि परत पाण्यानं टिपून काढायचा. मिठानं ताजं रक्त सुटायला मदत होते, जुन्याला फारशी होत नाही. मीठ नीट काढून टाका, नाहीतर आमच्या दमट हवेत ते ओल धरून ठेवतं आणि तो भाग कायम चिकट लागतो.

त्यानंतर कपड्यांची पावडर, पण एन्झाइम असलेली. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्यातलं प्रोटिएज नावाचं विकर प्रथिनं तोडतं, म्हणजे रक्ताचं नेमकं औषध तेच. त्याला काम करायला वेळ लागतो, अर्धा तास तरी द्या. अगदी गार पाण्यात ते सुस्त असतं आणि उकळत्या पाण्यात निकामी होतं. म्हणून पावडर पाण्यात कालवून, त्यात भिजवलेलं फडकं डागावर पसरून ठेवायचं. इथलं साधं पाणी एरवी जितकं कोमट असतं तितकं त्याला पुरतं.

पण एक सांभाळा. रेशीम आणि लोकर हीसुद्धा प्रथिनंच आहेत. हल्ली हौसेनं लोक गोधडीत जुन्या पैठणीचा काठ लावून मागतात. प्रोटिएजला रक्तातलं प्रथिन कुठलं आणि पैठणीतलं कुठलं हे कळत नाही, ते दोन्ही खातं. रेशमाला फक्त थंड पाणी आणि रिठ्याचं पाणी.

घोळण्याची ती गोधडी संध्याकाळपर्यंत वाळली आणि डाग परत वर आला. फिकट, पण आला. बाईंचा चेहरा उतरला. गोधडीचं हे नेहमीचंच आहे. वरच्या थरातलं रक्त गेलेलं असतं, आतल्या थरात राहिलेलं असतं. वाळताना पाणी वरून उडतं, आतलं पाणी त्याच्या मागोमाग वर येतं आणि येताना डाग घेऊन येतं. लोकांना वाटतं उपाय फसला. खरं तर आतला डाग आपणहून वर चालत आलेला असतो, म्हणजे पकडायला सोपा झालेला असतो. यावर इलाज असा: तो भाग परत थोडा ओला करायचा, वर कोरडं पांढरं सुती कापड पसरायचं, त्यावर सपाट वजन ठेवायचं आणि तसंच वाळू द्यायचं. पाणी आता कापडातून उडतं, डाग कापडात जातो. मी रात्री पाट उपडा ठेवते आणि त्यावर पाण्यानं भरलेली कळशी. सकाळी कापडावर पिवळट गोल उमटलेला असतो. असं दोन-तीनदा करावं लागतं. हे एवढं एक लक्षात ठेवलंत तरी निम्म्या गोधड्या वाचतील.

हायड्रोजन पेरॉक्साइड मी सगळ्यात शेवटी काढते, आणि तेही फक्त पांढऱ्या किंवा पक्क्या रंगाच्या सुती कापडावर. औषधाच्या दुकानात तपकिरी बाटलीत मिळतं, कारण उजेडानं ते खराब होतं. आपल्याकडे बहुतेकदा सहा टक्क्यांचं असतं. लेबल वाचा आणि तितकंच पाणी घालून तीन टक्क्यांचं करा. ड्रॉपरनं थेंब टाकला की रक्तावर पांढरा फेस येतो. रक्तातलं कॅटॅलेज नावाचं विकर त्याचं पाणी आणि प्राणवायू करतं, तो प्राणवायूचा फेस. बघायला मजा येते, म्हणून लोक ओततच सुटतात. पण पेरॉक्साइड रंगही उडवतं. आधी गोधडीच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात करून बघा. आणि गोधडीत एक तुकडा पक्क्या रंगाचा निघाला म्हणून शेजारचाही असेल असं धरू नका. माझ्याकडे एकदा यल्लापूरकडची कवंदी आली होती. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका शिवतात ती, कडेपासून सुरू करून टाके घालत मधे जातात आणि कोपऱ्यांना घडीची फुलं लावतात. डाग होता बशीएवढा आणि त्याखाली सहा रंगांचे तुकडे. प्रत्येक तुकडा ओल्या पांढऱ्या चिंधीनं वेगळा पुसून पाहिला. लाल आणि हिरव्यानं लगेच रंग सोडला. त्यावर पेरॉक्साइड टाकलंच नाही.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून पटत नाही. आमची जमीन जांभ्याची. जांभ्याचा लाल रंग लोहाचा, आणि काही विहिरींच्या पाण्यात ते उतरतं. अशा पाण्यात धुतलेले पांढरे कपडे हळूहळू तांबूस होतात. लोह आणि पेरॉक्साइड एकत्र आले की सूत झिजतं. डाग जातो, पण काही दिवसांनी त्याच जागी भोक पडतं. जुन्या रक्ताच्या डागात तर मुळातच लोह असतं. म्हणून पेरॉक्साइड दहा मिनिटांच्या वर ठेवत नाही, आणि शेवटचं खळबळणं विहिरीच्या पाण्यात करत नाही. त्यासाठी पागोळ्यांचं पाणी. पहिले काही पाऊस कौलं धुवून जाऊ द्यायचे, मग पागोळीखाली पिंप लावायचं. त्या पाण्यात लोह नसतं. दोन पिंपं भरून, तोंडाला मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधून मी ती मागच्या पडवीत ठेवते. घरातले त्यावरून चेष्टा करतात. करू देत.

बिंबलाचंही, म्हणजे आमच्याकडच्या त्या आंबट फळाचंही, विचारतात. बिंबलाच्या रसात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि गंजाचे डाग त्यानं निघतात, हे खरं आहे. रक्ताचा डाग पुष्कळ जुना होऊन शेवटी नुसती गंजासारखी कड उरली असेल तर पांढऱ्या सुती कापडावर थोडा वेळ लावून बघायला हरकत नाही. ताज्या रक्ताला त्याचा उपयोग नाही. आणि आम्ल कापडात तसंच वाळू दिलं तर सूत कुजतं, तेव्हा भरपूर पाण्यानं काढा. क्लोरीनचं ब्लीच मात्र माझ्या पडवीत येत नाही. त्यानं जुनं सूत कमजोर होतं. आणि ते बिंबल, लिंबू, व्हिनेगर किंवा बाथरूमच्या ॲसिडबरोबर मिसळलं तर विषारी वायू निघतो. अमोनियाबरोबरही नाही. ‘थोडं हे, थोडं ते’ करू नका.

कधी कधी डाग रक्ताचा नसतोच. काजूच्या दिवसांत पोरं बोंडू खातात आणि हात पुसतात गोधडीला. तो रस लागतो तेव्हा दिसतही नाही, नंतर तपकिरी होतो, आणि वर्षभरानं कुणी ट्रंक उघडली की हुबेहूब जुन्या रक्तासारखा दिसतो. एका बाईंनी अशी गोधडी आणली, घरात कुणाला काय झालं होतं म्हणून काळजीत होत्या. सासूबाईंनी चष्मा न लावता लांबूनच सांगितलं, “ह्यां रगात नाय गो, बोंडूचो डाग आसा.” मी पेरॉक्साइडचा थेंब टाकून पाहिला, फेस आला नाही. रक्त असेल तर बहुतेक येतोच. बोंडूच्या डागाला माझ्याकडे औषध नाही.

जळवेचं रक्त पावसाळ्यात असतंच. आंबोलीला फिरायला जाणारी मंडळी पायाला जळू घेऊन येतात, ओढून काढतात आणि झोपतात. जळवेच्या लाळेतल्या हिरुडिनमुळे रक्त लवकर गोठत नाही, चावा बराच वेळ झरत राहतो. सकाळी गोधडीचा पायाकडचा भाग लाल. ज्यांची निवासाची सोय असते त्यांनी पाहुण्यांच्या पायांना पट्टी बांधायला द्यावी, म्हणजे गोधड्या माझ्याकडे आणाव्या लागणार नाहीत. आणि परक्याचं रक्त धुताना रबरी हातमोजे घाला.

आता ज्याबद्दल आडून विचारतात ते. गोधडीवरचं बहुतेक रक्त पाळीचं असतं आणि बाळंतपणाचं. सासूबाईंच्या तरुणपणी बाहेरची झालेल्या बाईला वेगळी गोधडी असायची, घरातली सगळ्यात जीर्ण. ती पहाटे, कुणी उठायच्या आत, व्हाळावर नेऊन धुवायची. वाहतं गार पाणी, दगडावर न आपटता नुसतं धरून ठेवायचं आणि पाण्याला काम करू द्यायचं. बायकांना हे इतकं पक्कं येत होतं त्याचं कारण त्यांना गरम पाणी मिळतच नव्हतं. चूल त्यांच्यासाठी बंद असायची. मग धुतलेलं कापड उन्हात घालायची लाज, म्हणून ते माडीच्या खाली अंधारात वाळायचं, नीट वाळायचंही नाही. सासूबाई हे सांगताना हसतात. मला हसू येत नाही. आजही मला फोन करणाऱ्या शिकलेल्या मुली डाग कशाचा हे सांगताना आवाज खाली नेतात. बायांनो, स्पष्ट सांगा. कधीचा आहे हे कळल्याशिवाय मी उपाय तरी काय सांगणार?

वाळवताना गोधडी दोरीवर टाकू नका. ओलं वजन टाक्यांना ओढतं आणि डागाचं पाणी खाली उतरून नवी कड पाडतं. चटईत गुंडाळून हलकेच दाबायची, पिळायची नाही. मग खळ्यात बाजेवर सपाट पसरायची, आधी सावलीत. डाग पूर्ण गेल्याची खात्री झाली की मगच उन्हात, आणि अधूनमधून उलटायची. हाताला कोरडी लागली तरी आतला थर ओला असतो. नाक लावून बघा, कुबट वास आला तर अजून एक दिवस. ओली गोधडी ट्रंकेत गेली तर बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि रक्तापेक्षा ते काढणं अवघड.

गरम पाण्यात उकळलेला, वर्षानुवर्षं इस्त्री फिरवलेला डाग कधी कधी जात नाही. पुन्हा पुन्हा औषधं लावून लुगडं विरण्यापेक्षा मी त्यावर ठिगळ लावते. त्याच काळातल्या कापडाचं, कडा आत दुमडून, जुन्याच धावदोऱ्याच्या रेषेत. काही जण म्हणतात, नको, डाग राहू दे, आजीचा आहे. त्यांचंही मी ऐकते. गोधडी त्यांची.

पावसाळ्यात मी कुणाची गोधडी धुवायला घेत नाही, वाळवायला ऊन नसतं. एप्रिल-मेमध्येही नाही, विहीर तळाला गेलेली असते आणि पाणी लाल येतं. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत आणा. येताना डाग कशाचा, कधीचा आणि आतापर्यंत त्याला काय काय लावलंत, ते चिठ्ठीवर लिहून गोधडीला टाचा. सुरक्षापिन वापरा, स्टेपलर नको, त्याच्या पिनेचा गंज लागतो.